टॉरिनचा डबा आणि बाबांचं ताट

डिसेंबर जवळ आला, की नेपरव्हिलमधल्या मराठी घरांत बॅगा भरायला काढल्या जातात. माणशी तेवीस किलोच्या दोन, बाथरूममधला वजनकाटा हॉलमध्ये आलेला, आणि "हे राहू दे, ते काढ" अशी घासाघीस चाललेली. पूर्वी या बॅगांत बदाम, चॉकलेटं, शाम्पू आणि मल्टिव्हिटॅमिनच्या बाटल्या असायच्या. अलीकडे त्यांच्या जोडीला पांढऱ्या पावडरीचे डबे आले आहेत. टॉरिन, ग्लायसीन, ल्युसीन, आर्जिनीन. ही सगळी अमिनो आम्लं. डब्यावर पिकल्या केसांच्या हसऱ्या जोडप्याचा फोटो आणि खाली 'हेल्दी एजिंग'. म्हणजे म्हातारपण येईल, पण धडधाकट येईल, असं आश्वासन.

मागणी दोन्हीकडून असते. इथून मुलं हौसेनं नेतात आणि तिथून आईबाबाही सांगतात. माझ्या बाबांनीच यंदा फोनवर सांगितलं, "समोरच्या काकांच्या मुलानं टॉरिन पाठवलंय. त्यानं म्हातारपण लांबतं म्हणे. तू येताना दोन डबे आण." बाबा ७१ वर्षांचे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त. वीस वर्षांचा मधुमेह, रक्तदाबाच्या दोन गोळ्या, आणि हल्ली जिना चढताना कठड्याला धरावं लागतं.

मी डॉक्टर नाही, कॉम्प्युटरवाला आहे. पण कुठलंही नवं सॉफ्टवेअर चालत्या यंत्रणेत टाकण्याआधी त्याची कागदपत्रं वाचायची, ही या धंद्याची पहिली शिस्त. बाबांचं शरीर तर एकाहत्तर वर्षं अखंड चालू असलेली यंत्रणा. तिथे 'टाकून बघू, नाही जमलं तर काढू' चालत नाही. म्हणून महिनाभर रात्री जेवणं आटोपली, की वाचत बसलो. जे हाती लागलं ते इथे मांडतोय, कारण हा प्रश्न माझ्या एकट्याच्या घरातला नाही.

आधी अमिनो आम्ल म्हणजे काय, ते थोडक्यात. आपल्या शरीरातली प्रथिनं वीस प्रकारच्या अमिनो आम्लांपासून बनतात. ही वीस अक्षरांची बाराखडी समजा. त्यांतली नऊ अक्षरं शरीराला स्वतः बनवता येत नाहीत, ती अन्नातूनच यावी लागतात. स्नायू, रक्त, कातडी, पाचक रस, सगळं याच अक्षरांनी लिहिलेलं. पण एकच अक्षर किलोच्या हिशेबानं आणून पोथी लिहून होत नाही. सगळी अक्षरं लागतात आणि लिहिणाराही लागतो. आणि गंमत म्हणजे सध्या सर्वांत गाजलेलं टॉरिन या वीसांत बसतच नाही. ते प्रथिनांत गुंफलं जात नाही, पेशींत सुटं राहतं. १८२७ मध्ये ते प्रथम बैलाच्या पित्तात सापडलं, म्हणून बैलाच्या लॅटिन नावावरून त्याचं नाव पडलं. शाकाहारी जेवणात ते जवळजवळ नसतं, पण शरीर आपलं आपण बनवतं.

टॉरिनचा बोलबाला झाला तो जून २०२३ मध्ये. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले शास्त्रज्ञ विजय यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा शोधनिबंध 'सायन्स' या नियतकालिकात आला. चौदा महिन्यांच्या, म्हणजे माणसाच्या हिशेबात पंचेचाळिशीच्या उंदरांना त्यांनी रोज टॉरिन दिलं. ते उंदीर न दिलेल्यांपेक्षा दहा ते बारा टक्के जास्त जगले. हाडं, स्नायू, साखर यांतही सुधारणा दिसली. माकडांमध्ये सहा महिन्यांच्या प्रयोगात असेच काही फायदे दिसले. वय वाढतं तसं रक्तातलं टॉरिन घटतं, असंही त्या निबंधात म्हटलं होतं. काम मोठं आणि मेहनतीचं होतं. संशोधकांनी स्वतःच सांगितलं होतं, की माणसांवर नीट चाचण्या व्हायला हव्यात. पण बातमी पुढे सरकत गेली तशी ही ओळ मागेच राहिली. व्हॉट्सॲपवर पोचेपर्यंत उंदरांचा माणूस झाला होता.

मग जून २०२५ आला. त्याच 'सायन्स'मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या शास्त्रज्ञांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यांनी माणसांचे तीन गट तपासले, शिवाय माकडं आणि उंदीर. काही माणसांचं रक्त तर वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा तपासलेलं होतं, म्हणजे तोच माणूस म्हातारा होत असताना त्याच्या रक्तात काय बदलतं, ते दिसत होतं. निष्कर्ष असा, की वयाबरोबर टॉरिन सरसकट घटत नाही. बहुतेक ठिकाणी ते तेवढंच राहतं किंवा उलट वाढतं. माणसामाणसांतला फरक वयामुळे पडणाऱ्या फरकापेक्षा मोठा. त्याच्या महिनाभर आधी रॉचेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी 'नेचर'मध्ये दाखवलं होतं, की रक्ताच्या कर्करोगाच्या काही पेशी वाढण्यासाठी टॉरिनचा वापर करतात. तोही अभ्यास मुख्यतः प्रयोगशाळेतला आणि उंदरांवरचा. टॉरिननं कर्करोग होतो, असं त्यात कुणी म्हटलेलं नाही. पण 'घेतलं तर बिघडलं कुठे?' या आपल्या आवडत्या वाक्याला त्यानं जरा खीळ बसावी.

२०२३चा निबंध खोटा ठरला, असा याचा अर्थ नाही. जास्त दिलेलं टॉरिन उंदरांना उपयोगी पडलं, ही गोष्ट वेगळी. आणि वय झालेल्या माणसाला टॉरिन कमी पडतं म्हणून ते भरून काढा, ही वेगळी. डबा दुसऱ्या गोष्टीवर विकला जातो, आणि तिचाच पाया आता डळमळीत झाला आहे.

आता कुणी म्हणेल, अमेरिकेत सगळं तपासूनच विकतात ना? हा समज आपल्याकडे पक्का आहे. "तिकडचं आहे, म्हणजे चांगलंच असणार." प्रत्यक्षात इथे १९९४ साली झालेल्या कायद्यानुसार सप्लिमेंट बाजारात आणण्याआधी ते सुरक्षित आहे आणि त्याचा उपयोग होतो, हे सिद्ध करून एफडीएची मंजुरी घ्यावी लागत नाही. जबाबदारी कंपनीची, सरकार हात घालतं ते बहुधा काही बिघडल्यावर. गोळ्या-औषधांचा नियम याच्या अगदी उलट. डब्याच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, की या दाव्यांची एफडीएनं तपासणी केलेली नाही आणि हे उत्पादन कुठल्याही रोगाचं निदान, उपचार किंवा प्रतिबंध करण्यासाठी नाही. कायद्यानं लिहावंच लागतं ते. पण समोरची बाजू वाचून डबा ट्रॉलीत गेलेला असतो.

बिघडतं म्हणजे काय, याचे दाखले अमिनो आम्लांच्याच इतिहासात आहेत. १९८९ साली अमेरिकेत एल-ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल लोक झोपेसाठी दुकानातून आणून घेत होते. शरद ऋतूत न्यू मेक्सिको राज्यात काही रुग्ण आले. स्नायूंत असह्य वेदना आणि रक्तात एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी भरमसाट वाढलेल्या. शोध घेता घेता हा आजार झालेले दीड हजारांहून अधिक लोक देशभर सापडले, आणि तिसाहून जास्त दगावले. धागा एका जपानी उत्पादकाच्या मालापर्यंत आणि त्यातल्या अशुद्धींपर्यंत पोचला.

दुसरा दाखला तर आपल्या वडीलधाऱ्यांच्या जास्तच जवळचा. आर्जिनीन हे रक्तवाहिन्या मोकळ्या ठेवतं म्हणून हृदयासाठी विकलं जातं. जॉन्स हॉपकिन्समध्ये, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १५३ रुग्णांवर त्याची रीतसर चाचणी झाली. निम्म्यांना आर्जिनीन, निम्म्यांना नुसती पुडी. सहा महिन्यांत आर्जिनीनच्या गटातले सहा जण गेले, दुसऱ्या गटातला एकही नाही. चाचणी थांबवावी लागली. २००६ मध्ये हे प्रसिद्ध झालं. संख्या लहान आहे, त्यावरून आर्जिनीन म्हणजे विष असं ठरत नाही. पण झटका येऊन गेलेल्या मामांना "हार्टसाठी चांगलं आहे" म्हणून डबा देण्याआधी ही गोष्ट आपल्याला माहीत असायला हवी.

आणि ल्युसीन? स्नायूंसाठी म्हणून सध्या त्याची फार चलती आहे. त्याची एक जुनी कथा थेट आपल्या भाकरीशी जोडलेली आहे. दख्खनच्या पठारावर ज्वारी हेच मुख्य अन्न असलेल्या गरीब लोकांत पेलाग्रा नावाचा रोग दिसायचा. कातडी काळवंडून सोलवटते, जुलाब होतात, डोकं भ्रमिष्ट होतं. हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत, सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये असं मांडलं, की ज्वारीत ल्युसीनचं प्रमाण जास्त असतं आणि त्यामुळे शरीराच्या नायसिन बनवण्याच्या कामात अडथळा येत असावा. पुढे या सिद्धांतावर वादही झाले. पण त्यातला मुद्दा आजही लागू आहे. एका अमिनो आम्लाचं पारडं जड झालं, की दुसऱ्याचा तोल ढळू शकतो. म्हणून भाकरी सोडायची असं नाही. ज्या घरात भाकरीबरोबर डाळ, दूध, शेंगदाणे पोचले, तिथे हा प्रश्न आलाच नाही. आला तो नुसत्या भाकरीवर दिवस काढणाऱ्यांच्या घरी.

सगळीच संशोधनं वाईट बातमी देतात, असंही नाही. ह्यूस्टनच्या बेलर कॉलेजमध्ये राजगोपाल शेखर यांच्या गटानं ग्लायसीन आणि एनएसी ही जोडी चोवीस वृद्धांवर सोळा आठवडे तपासली. त्यांतल्या निम्म्यांना ती जोडी आणि निम्म्यांना बिनऔषधी पावडर. जोडी घेतलेल्यांची चालण्याची गती आणि इतर काही मोजमापं सुधारली. आशा वाटावी असं काम आहे. पण चोवीस माणसं म्हणजे आमच्या मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत उभी असतात तेवढी. आमच्या धंद्यात चोवीस लोकांनी वापरलेल्या गोष्टीला 'बीटा' म्हणतात, आणि ती बँकेच्या यंत्रणेत कुणी घालत नाही.

मग आपल्या माणसांना खरोखर काय कमी पडतं? हे शोधायला आपल्याला उंदरांपर्यंत जावंच लागत नाही. पुण्यात उत्तर तयार आहे.

केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा एक फोटो वैद्यकीय जगात प्रसिद्ध आहे. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये तो छापून आला. ते आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाट्यावर जुळे आणि आतून वेगळे. आपण दिसायला सडपातळ असतो, पण स्नायू कमी आणि चरबी जास्त. याज्ञिकांच्या पुण्याजवळच्या खेड्यांतल्या अभ्यासातून तर असं दिसलं, की हा घाट जन्मतःच पडलेला असतो.

आणि देश बदलला म्हणून तो बदलत नाही. आमच्या नेपरव्हिलपासून तासाभरावर, शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात आणि सॅन फ्रान्सिस्कोमध्ये २०१० पासून 'मसाला' नावाचा अभ्यास चालू आहे. अमेरिकेत राहणाऱ्या दक्षिण आशियाई लोकांच्या हृदयविकाराचा तो अभ्यास. पहिल्या फेरीत ९०६ जण होते. इतर वंशांच्या लोकांशी तुलना केली, तेव्हा आपल्या लोकांत स्नायूंचं प्रमाण कमी आणि यकृतात चरबी जास्त आढळली. म्हणजे म्हातारपणासाठी जी पुंजी साठवायची, ती स्नायूंची पुंजीच आपल्याकडे मुळात तुटपुंजी. साठीनंतर त्यातूनच खर्च सुरू होतो.

दुसरी कमतरता बी-१२ची. केईएमच्याच गटानं पुणे परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं, तर ६७ टक्क्यांत बी-१२ कमी निघालं. ते कमी झालं, की होमोसिस्टीन नावाचं एक अमिनो आम्ल रक्तात साचत जातं. बघा, कुठलं अमिनो आम्ल घ्यावं यावर आपण चर्चा करतोय आणि नको असलेलं एक आधीच साचून बसलंय! शाकाहारी घरांत हे जास्त. त्यातून मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल, तर बी-१२ आणखी घटू शकतं. पायांना मुंग्या येणं, तोल जाणं, विसरभोळेपणा या तक्रारी आपण 'वयोमानानुसार' म्हणून सोडून देतो, त्यांच्यामागे कधी कधी हे असतं. बाबांना मी टॉरिनऐवजी बी-१२ची तपासणी करून घ्यायला सांगितली. कमी निघालं. त्यांच्या डॉक्टरांनी उपचार सुरू केले. तपासणीचा खर्च टॉरिनच्या दोन डब्यांपेक्षा कमी होता.

तिसरी गोष्ट ताटातली. आयसीएमआर आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. वृद्धांसाठी एक ते सव्वा ग्रॅमच्या आसपास असावीत, असं आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या एका गटानं २०१३ मध्ये सुचवलं. साठ किलोच्या माणसाला साठ-सत्तर ग्रॅम धरा. आता आपल्या घरच्या म्हाताऱ्या माणसांचा दिवस आठवा. सकाळी चहा आणि दोन खारी. दुपारी दोन पोळ्या, भाजी, वाटीभर पातळ वरण. चार वाजता पुन्हा चहा. रात्री "आता काही करत बसत नाही" म्हणून दूधभात किंवा मऊ खिचडी. आठवड्यातून दोन उपास, म्हणजे साबुदाणा, आणि त्यात प्रथिनं जवळजवळ नाहीतच. जी काही येतात, ती दाण्याच्या कुटातून. तीस ग्रॅम तूरडाळीत साडेसहा ग्रॅमच्या आसपास, पेलाभर दुधात सहा-सात, एका अंड्यात सहा. बेरीज करा. साठापर्यंत पोचायला बरंच अंतर उरतं.

आणि ज्या घरात दोघांतलं एकच माणूस मागे राहिलंय, तिथे तर स्वयंपाकाचा उत्साहच मावळलेला असतो. एकट्यासाठी कोण उसळ भिजत घालणार? भूक कमी झालेली नसते. सोबत कमी झालेली असते. हे कुठल्याही डब्याच्या लेबलवर लिहिलेलं नाही.

हे अंतर भरून काढणारी अमिनो आम्लं आपल्या स्वयंपाकघरात आधीपासून आहेत, आणि तीही जोडीनं. धान्यांत लायसिन कमी असतं, डाळींत मेथिओनीन. दोन्ही एकत्र खाल्ली, की एकमेकांची उणीव भरून काढतात. वरण-भात, पिठलं-भाकरी, मटकीची उसळ-पोळी, खिचडी. थालीपिठाच्या भाजणीत तर हे गणित आज्यांनी आधीच दळून ठेवलंय. फक्त प्रमाण बदलायला हवं. भात थोडा कमी, वरण घट्ट आणि दोन वाट्या. सकाळी खारीऐवजी मुगाचं धिरडं किंवा, चालत असेल तर, अंडं. रात्री दह्याची वाटी. चटणीत शेंगदाणे. ज्यांच्या मूत्रपिंडाची तक्रार आहे, त्यांनी मात्र प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारायलाच हवं. मधुमेह जुना असेल, तर क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट हातात घेऊनच हे ठरवावं. डब्यांनाही हाच नियम, किंबहुना जास्त कडक.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे पायांवर भार. बॉस्टनमधल्या एका वृद्धाश्रमात झालेली चाचणी १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली. शंभर जण, सरासरी वय ८७. काहींना दहा आठवडे वजनं उचलायचा व्यायाम दिला, काहींना पोषक पेय, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. व्यायाम करणाऱ्यांची स्नायूंची ताकद ११३ टक्क्यांनी वाढली, न करणाऱ्यांची ३ टक्क्यांनी. नुसतं पोषक पेय घेणाऱ्यांचा अशक्तपणा कमी झाला नाही. सत्याऐंशीव्या वर्षी! मला या सगळ्या वाचनात हाच निबंध सर्वांत जास्त आवडला. अक्षरं हवीतच, पण लिहिणारा हवा, असं मी वर म्हटलं, तो लिहिणारा हा. स्नायूला काम मिळालं नाही, तर त्याच्यापर्यंत आलेली अमिनो आम्लं तो वापरणार कशासाठी?

'आम्ही रोज चालतो' हे आपल्याकडचं ठरलेलं उत्तर. चालणं चांगलंच. इथे हिवाळ्यात फोर्ट हिल ॲक्टिव्हिटी सेंटरच्या आतल्या ट्रॅकवर भारतातून आलेले कितीतरी आजी-आजोबा दिसतात. बाहेर बर्फ, आत बूट-मफलर घालून गप्पा मारत फेऱ्या. पण चालण्यानं दम टिकतो, ताकद तेवढी वाढत नाही. त्यासाठी खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात लावून दंड, पाण्याची लिटरची बाटली उचलणं, हे आठवड्यातून दोनदा तरी हवं.

याची एक सोपी मोजणी आहे. इथल्या सीडीसीनं वृद्धांच्या पडण्याचा धोका ओळखण्यासाठी ती सुचवली आहे. भिंतीला टेकवलेली, हात नसलेली खुर्ची. हात छातीवर घडी घालून. तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून बसता येतं, ते मोजायचं. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयाच्या पुरुषांना बारापेक्षा कमी आणि बायकांना दहापेक्षा कमी जमलं, तर पडण्याचा धोका जास्त. शेजारी कुणीतरी उभं हवं, आणि छातीत दुखणं किंवा चक्कर यांचा त्रास असेल, तर करू नये. मी व्हिडिओ कॉलवर बाबांना करायला लावलं. आई शेजारी उभी राहून मोजत होती. नऊ. दोन महिन्यांनी अकरा. मला हे दोन आकडे कुठल्याही डब्यापेक्षा मोलाचे वाटतात.

इतकं सांगूनही ज्यांना सप्लिमेंट घ्यायचंच आहे, त्यांच्यासाठी तीन गोष्टी. एक, डब्याचा फोटो आईबाबांच्या डॉक्टरांना दाखवा. चालू गोळ्यांच्या यादीत त्याचं नाव लिहिलेलं असू द्या. दोन, यूएसपी किंवा एनएसएफसारख्या त्रयस्थ संस्थेचा तपासणीचा शिक्का आहे का, ते बघा. त्यानं उपयोग सिद्ध होत नाही, पण डब्यावर लिहिलंय तेच आत आहे, एवढी खात्री मिळते. तीन, कॅप्सूल असेल, तर कवच जिलेटिनचं आहे का, ते वाचा. एकादशी करणाऱ्या आजीला नकळत जनावराच्या हाडा-कातड्यापासून केलेलं काही खायला घालणं बरं नव्हे.

आता थोडं आपल्याबद्दल, म्हणजे इथे राहणाऱ्यांबद्दल. हे डबे आपण का नेतो? पावडरीवर विश्वास आहे म्हणून थोडंसं, आणि लांब असल्याची टोचणी म्हणून बरंचसं. बाबांचा हात धरून जिना उतरवता येत नाही, आईबरोबर दवाखान्यात रांगेत बसता येत नाही. मग आपण वस्तू नेतो. वस्तूला वजन असतं, किंमत असते, ती टेबलावर ठेवता येते. "मुलानं अमेरिकेतून आणलंय" असं चार लोकांत सांगता येतं. ही माया खोटी नाही, आणि तिची कुणी थट्टाही करू नये. पण तीच माया दुसऱ्या कामाला लावता येते. रोजच्या फोनमध्ये "कसे आहात?" याच्या जागी "आज वरण किती वाट्या घेतलंत?" असं विचारता येतं. उसळ भिजत घालायला आणि दोन वेळचं नीट रांधायला येणाऱ्या मावशींचा पगार आपण देऊ शकतो. गल्लीतल्या फिजिओथेरपिस्टला आठवड्यातून दोनदा घरी बोलावता येतं. वर्षातून एकदा बी-१२, क्रिएटिनिन आणि साखरेचे रिपोर्ट मागवून वाचता येतात. समोरच्या एकट्या काकूंना आपल्या आईकडे रात्री जेवायला बोलावता येतं, म्हणजे दोघींचंही ताट भरतं. यातलं काहीच बॅगेत मावत नाही, म्हणून ते आपल्याला सुचत नाही इतकंच.

आणि तिशी-चाळिशीतले आपण? दिवसाचे दहा तास खुर्चीत, रात्री उशिराचं जेवण, शनिवारी पॉटलकला छोले-भटुरे. याज्ञिकांच्या फोटोतलं गणित आपल्याही कातडीखाली चालू आहे. त्यावर टॉरिनचा चमचा टाकून पुढची तीस वर्षं निर्धास्त होता येणार नाही. आपली पुंजी साठवायची वर्षं हीच आहेत. आईबाबांसाठी ते दिवस बऱ्यापैकी निघून गेलेत, तरी सत्याऐंशीव्या वर्षी जर ताकद दुप्पट होते, तर कुणासाठीच फार उशीर झालेला नाही.

बाबांना मी फोनवर सांगितलं, की टॉरिन आणणार नाही. का, तेही सांगितलं. ते जरा हिरमुसले. मग म्हणाले, "बरं. पण समोरच्या काकांना काय सांगू?" मी म्हटलं, "त्यांनाही खुर्चीतून उठबस करायला बोलवा. बघू तरी, टॉरिनवाले पुढे जातात की वरणवाले."